जवारीला टाकलेला तंबोरा आणि पाच दिवस

पहिला दिवस : मिरज

गवसणीतला तंबोरा उराशी धरून मी पहाटे मिरजेला उतरले. स्टेशनावर अजून दिवे होते. एके काळी या स्टेशनात रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही गेजचे रूळ येऊन मिळत. कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी यायची आणि हुबळीकडून मीटरगेज. दक्षिण महाराष्ट्रातलं आणि उत्तर कर्नाटकातलं निम्मं गाणं या फलाटांवरून इकडचं तिकडे गेलं. मलाही याच रुळांवरून खाली कुंदगोळपर्यंत जायचं होतं. त्याआधी एक काम होतं.

तंबोरा माझ्या बाईंचा. बाईंकडे मी एकवीस वर्षं शिकले. त्या गेल्या तेव्हा घरच्यांनी तो माझ्याकडे आणून दिला. तोवर माझ्या थायरॉइडचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूची एक बारीक नस असते, ती दुखावली की वरचे सूर जातात. माझे गेले. तारषड्जाच्या, म्हणजे वरच्या सा-च्या, जागी नुसती हवा यायची. मी गाणं बंद केलं आणि तंबोरा कपाटाच्या बाजूला उभा करून ठेवला. तिथे उभ्या उभ्या त्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बसली, दोन खुंट्या सैल झाल्या, तबलीवर, भोपळ्याच्या लाकडी झाकणावर, धुळीचा थर आला. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत गवसणी काढली, खर्जाची तार छेडली, तर पत्र्यावर खडा टाकल्यासारखा आवाज आला. त्या रात्री झोप लागली नाही.

मिरजेत तंतुवाद्यं घडवणारी बरीच घराणी एकाच गल्लीच्या आसपास आहेत. मूळचे हे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तलवारींचं काम संपत आलं, तेव्हा फरीदसाहेबांनी आणि त्यांच्या भावाने तंबोरे दुरुस्त करायला घेतले आणि पुढे नवे घडवले. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवई असत, त्यामुळे गिऱ्हाईक गावातच होतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की पोलादाला धार लावणाऱ्या बोटांनी तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी घासायला घेतली आणि पाच-सहा पिढ्या तेच करत राहिली.

कारखान्यात छताला भोपळे टांगलेले होते. भाजीचे नव्हेत, कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानांत हे मुद्दाम पिकवतात, वेलावरच सुकू देतात. दांडी तुणीच्या लाकडाची. एका कोपऱ्यात चपड्याचा वास दरवळत होता, एक तरुण मुलगा कापडाच्या बोळ्याने पॉलिश चढवत होता. बैठकीवरच्या वयस्कर कारागिरांना सगळे चाचा म्हणत होते, मीही म्हटलं.

चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, भोपळ्यावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला. "भोपळा चांगलाय ताई. आताचा न्हाई हा. कुणाचा?"

"माझ्या बाईंचा."

"त्या गात्यात का?"

"नाहीत आता."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही. घोडीवर बोट फिरवून तारांनी पडलेले खड्डे दाखवले. जवारी म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं गाऊनही नीट पाहिलं नव्हतं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावरून जाताना सुटते आणि टेकते, सुटते आणि टेकते. त्या थरथरत्या टेकण्यातून झंकार निघतो. तार पूर्ण टेकली तर सूर मुका, पूर्ण सुटली तर कोरडा. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी जागा धरायची. आणि ती जागा प्रत्येक पट्टीला, म्हणजे गाणारा आपला सा जिथे धरतो त्या उंचीला, वेगळी असते, कारण पट्टी बदलली की तारेची जाडी बदलते, ओढ बदलते.

"पट्टी कुठली?" चाचांनी विचारलं.

"काळी चार," मी म्हणाले. एकवीस वर्षांचं उत्तर तोंडात तयार होतं.

"चार दिस लागतील. तवर फिरून या की."

दुपारी झोपले, संध्याकाळी दर्ग्यात गेले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांचा हा दर्गा, आणि याच्या आवारात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. खाँसाहेब १८७२चे, उत्तरेतल्या कैराना गावचे. त्यांना प्लेगने गाठलं तेव्हा या दर्ग्यात येऊन गायले आणि बरे झाले, अशी कथा मिरजेत सगळे सांगतात. ते इथलेच होऊन गेले. इथल्या उरुसात चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात, आणि त्यांच्या मागेही दर वर्षी उरुसात त्यांच्या नावाने गाणं होतं, मोठमोठे कलाकार इथे येऊन सेवा म्हणून गातात. मी त्या झाडाखाली जाऊन बसले. पारावर दोन पोरं शाळेचा अभ्यास करत होती.

खाँसाहेबांच्या शेवटाची गोष्ट बाई नेहमी सांगायच्या. ऑक्टोबर १९३७. मद्रासकडून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात गायला निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले, फलाटावर अंथरूण घातलं, नमाज पढला, तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारी रागात गायला लागले. गाता गाताच गेले. देह मिरजेला आणला.

ही गोष्ट सांगताना बाई नेहमी ताराबाईंचंही नाव घ्यायच्या, आणि मीही घेते. बडोद्याच्या सरदार मान्यांची ही मुलगी खाँसाहेबांबरोबर घर सोडून निघाली, पाच मुलं झाली, आणि १९२२ साली मुलांना घेऊन वेगळी झाली. त्यानंतर ती मुलं नव्या नावांनी उभी राहिली : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. हिराबाईंचा जन्म इथला, मिरजेचा. किराणा घराण्याचं जे गाणं महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलं, ते पोचवण्यात या घरातल्या मुलींचा वाटा फार मोठा आहे. कबरीपाशी उभं राहून मला त्या बाईची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

जाता जाता आणखी एक. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाचे डोळे दत्ताच्या उत्सवात फटाक्याने भाजले, औषधोपचाराला त्याला मिरजेत आणलं. दृष्टी पुरती आली नाही. मग डॉक्टर भडभड्यांनी सुचवलं, गाणं शिकवा. तो मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. १९३१ साली त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच.

दुसरा दिवस : कोल्हापूर

सकाळच्या गाडीने कोल्हापूर, तास-सव्वा तासाचा रस्ता. अंबाबाईचं दर्शन घेतलं, भवानी मंडपातून हिंडले. केशवराव भोसले नाट्यगृहाशी जाऊन उभी राहिले आणि लगेच निघाले. शाहू महाराजांनी १९१५ साली खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर ते हेच. ऑगस्ट २०२४च्या आगीत ते जळालं, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. माझ्या आजोबांनी तिथे पिटात बसून नाटकं पाहिली होती. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

गायन समाज देवल क्लब मात्र उभा आहे. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था. एका खोलीत तबल्याचा वर्ग चालला होता, तीन मुलं एकच कायदा घोटत होती. मी जिन्यापाशी बराच वेळ थांबले. कोल्हापूरला यायचं माझं कारण अल्लादिया खाँसाहेब होते.

खाँसाहेब १८५५चे, राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. तरुणपणी त्यांचा आवाज गोड, फिरता आणि तिन्ही सप्तकांत मोकळा होता म्हणतात. आमलेटा नावाच्या एका लहान संस्थानात राजाला गाण्याचं वेड. खाँसाहेबांना दिवसरात्र गायला लावलं, दिवसांमागून दिवस. आणि आवाज गेला. नुसता बसला नाही, गेला. रियाज केला तरी येईना. पुष्कळ काळाने परत आला तो वेगळाच, जाड, जड, पूर्वीसारखा न वळणारा.

आता या माणसाने काय केलं? जुन्या आवाजाची नक्कल करत बसले नाहीत. आहे तो आवाज जे करू शकेल त्याचं गाणं रचलं. लय विलंबित घेतली, पण प्रत्येक मात्रेचे तुकडे करून त्यात स्वर असा गुंफला की कुठे मोकळी जागा राहू नये. तान सरळ वर-खाली धावत नाही, वळत वळत, पेच घेत जाते, एका स्वरातून दुसरा उकलतो. दमसास मोठा लागतो, नाजूकपणा कमी. जोडरागांचा आणि अनवट, क्वचित गायल्या जाणाऱ्या रागांचा मोठा साठा त्यांनी पुढे आणला : सावनी नट, खट, एकनिषाद बिहागडा. स्वतः 'अहमद पिया' नावाने बंदिशी बांधल्या. आज जिला आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो, तिचं मूळ त्या गेलेल्या आवाजात आहे.

शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी ठेवलं, आणि हे गाणं कोल्हापुरातून पसरलं. भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, धाकटे बंधू हैदर खाँ, मुलगे मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. केसरबाईंनी गायलेली भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अवकाशात पाठवली गेली. दोन्ही यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली आणि केसरबाई त्याच सप्टेंबरच्या सोळाव्या तारखेला गेल्या. आमलेट्यात ज्या आवाजाने दगा दिला, त्या आवाजासाठी घडवलेलं गाणं आता सूर्यमालेच्या कडेला आहे.

रंकाळ्यावर बसून मी हे वहीत लिहीत होते. पाणी शांत होतं. मला एकदम आठवलं, ऑपरेशननंतर बाई मला भेटायला आल्या होत्या तेव्हा त्यांनी मला म्हटलं होतं, "खालचं बघ ना एकदा." मी तेव्हा चिडले होते. मला वाटलं, त्या समजूत घालताहेत.

तिसरा दिवस : मिरज ते धारवाड

परत मिरज, आणि तिथून हुबळीची गाडी. खिडकी मिळाली. शेडबाळ, उगार, कुडची, कृष्णेचा पूल. उसाची शेतं, गुऱ्हाळाचा धूर. डब्यात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलणारी माणसं. एक आजी घटप्रभेपर्यंत माझ्याशी कानडीत बोलत होत्या आणि मी मराठीत. आम्हांला एकमेकींच्या सुनांची नावंसुद्धा कळली.

बेळगावच्या अलीकडे गाडी सुळेभावीला मंदावली. मी या स्टेशनाचा विचारच केला नव्हता. पाटीवरचं नाव वाचलं आणि उठून दारात गेले. कुमार गंधर्वांचा जन्म इथला, ८ एप्रिल १९२४. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. सात-आठ वर्षांचा असताना नामवंत गवयांच्या तबकड्यांवरचं गाणं जसंच्या तसं गाणारा मुलगा, विशीत मैफली गाजवणारा तरुण, आणि मग क्षय. १९४८मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला नेलं. डॉक्टरांनी गायचं नाही असं बजावलं होतं. पाच-सहा वर्षं हा माणूस खाटेवर पडून होता, आणि बाहेरून जाणाऱ्या बायकांची, फकिरांची, जोग्यांची माळव्यातली गाणी ऐकत होता. एक फुफ्फुस निकामी झालं ते झालंच. परत गायला बसले तेव्हा लांब दमाच्या ताना नव्हत्या. छोटे, धारदार, झेप घेणारे तुकडे होते, मधल्या शांततेसकट. ऐकलेल्या लोकधुनांतून नवे राग काढले, त्यांना ते धुनउगम राग म्हणत.

हे सगळं मला माहीत होतं. बाईंकडे कुमारांच्या तबकड्या होत्या, मी त्या पाठ केल्या होत्या. पण काल अल्लादिया खाँ आणि आज हे, असं लागोपाठ कधी मनात आलं नव्हतं. गाडीने शिट्टी दिली, स्टेशन मागे पडलं. दोन मिनिटांचा थांबा. प्रवासात कधी कधी न ठरवलेलं ठिकाणच आपल्याला पकडतं.

लोंढ्यानंतर जंगल, अळणावर, आणि दुपारी उशिरा धारवाड. हवा थंड, रस्ते चढउताराचे, मोठी झाडं. गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर आता स्मारक आहे. साधं, बैठं घर. मन्सूरांचा, म्हणजे अण्णांचा, जन्म १९१०चा, जवळच्याच मन्सूर गावचा. नाटक कंपनीत गाणाऱ्या या मुलाला नीळकंठबुवांनी हेरलं आणि मिरजेला नेऊन ग्वाल्हेर गायकीची तालीम दिली. मुंबईत मंजी खाँ भेटले, दीड वर्षच, कारण १९३७ साली मंजी खाँ अचानक गेले. मग भूर्जी खाँ. म्हणजे काल ज्या कोल्हापुरात मी हिंडत होते तिथलं गाणं या घरात राहायला आलं, आणि १९९२मध्ये अण्णा गेले तोवर राहिलं. मला त्यांच्या गाण्यातली घाई फार आवडते. रागाचं दार वाजवत बसत नाहीत, थेट आत.

संध्याकाळ होत आली होती. लाइन बझारमधून पेढे घेतले आणि हुबळीची बस धरली, वीस किलोमीटर.

चौथा दिवस : हुबळी आणि कुंदगोळ

गायिका गंगूबाई हनगलांचं 'गंगालहरी' हे घर पाहिलं. फोटो, मानपत्रं, वाद्यं. गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३, धारवाडच्या शुक्रवारपेठेतला. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या, इतक्या सुंदर की अब्दुल करीम खाँसाहेब धारवाडला आले की त्यांच्या घरी बसून ऐकत. खाँसाहेबांना कर्नाटक संगीताची ओढ होती, त्यांनी त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली आहे. मुलीने हिंदुस्थानी गावं म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं बंद केलं, मुलीच्या कानावर दुसरा ढंग पडू नये म्हणून. या त्यागापुढे माझी मान लवते, आणि तो करावा लागला याचं वाईटही वाटतं.

१९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, अकरा वर्षांच्या गंगूबाईंनी स्वागतगीत गायलं. गाण्याआधी त्यांना धास्ती होती ती गाण्याची नव्हे. खालच्या मानलेल्या जातीतली म्हणून आपल्याला पंगतीतून उठवून उष्टी काढायला लावतील, अशी. ही आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या.

आणि त्यांचा आवाज. सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं नाव 'गांधारी हनगल' असं आहे. त्यावरचा आवाज ऐका, पातळ, चढा, मुलीचा. मग टॉन्सिलचा त्रास झाला, उपचार झाले आणि आवाज खाली आला. इतका खाली की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. बाईने गोड आणि उंच गावं अशी अपेक्षा असलेल्या काळात त्या हा आवाज घेऊन बैठकीवर बसल्या, आणि पंचाण्णव-शहाण्णव वर्षांच्या आयुष्यात जवळजवळ शेवटपर्यंत गायल्या. मी त्यांच्या फोटोसमोर उभी होते. चेहरा लहानखुरा, नाकात चमकी, एक हात कानाशी.

दुपारच्या पॅसेंजरने कुंदगोळला निघाले. मुद्दाम रेल्वेने, कारण गंगूबाई रेल्वेनेच जात. १९३८च्या सुमारास घरसंसार, मुलं, मैफली सांभाळून हुबळीहून कुंदगोळला यायच्या, तालीम घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. अंतर वीसेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, मिरची. पाऊण तासाच्या आत उतरले.

कुंदगोळ म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, सवाई गंधर्व, गंगूबाईंचे गुरू. वडील नाडगिरांकडे कारकून. रामभाऊंचा गळाही आधी गोड होता, वयात येताना फुटला तो जडच झाला. करीम खाँसाहेबांनी त्या गळ्यावर वर्षानुवर्षं मेहनत करवून घेतली. पुढे नाटकात स्त्रीभूमिका केल्या, नाव झालं, आणि गावी परतून ते शिकवत बसले. १९४२मध्ये अर्धांगवायू झाला, मैफली थांबल्या. १९५२मध्ये गेले.

नाडगीर वाडा अजून आहे. जाड भिंती, कोरीव खांब, मधला प्रशस्त भाग. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ इथे दर वर्षी रात्रभर गाणं होतं, गंगूबाई आणि भीमसेनजी न चुकता येत. मी गेले तेव्हा वाडा निवांत होता. एका वयस्कर गृहस्थांनी दार उघडून दिलं. माझी मोडकी कानडी ऐकून ते मराठीत बोलू लागले. "बसा अव्वा, गर्दी न्हाई आज," म्हणाले, आणि पाणी आणून दिलं. खांबाला टेकून मी तासभर बसले.

भीमसेनजी अकराव्या वर्षी घरातून पळाले, करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' ऐकून. ग्वाल्हेर, जालंधर, कुठे कुठे हिंडले, आणि गुरू भेटला तो घरापासून हाकेच्या अंतरावर, इथे. ते गुरूगृही राहिले, पाणी भरलं, घरकाम केलं. सवाई गंधर्वांनी त्यांच्याकडून तीन राग घोटून घेतले : तोडी, मुलतानी, पूरिया. वर्षानुवर्षं तेवढेच. लोक पळून जाण्याची गोष्ट सांगतात, ती रंगतदार आहे. मला या तीन रागांची गोष्ट जास्त मोठी वाटते. सकाळी तोडी, दिवसाच्या चौथ्या प्रहरी मुलतानी, दिवेलागणीला पूरिया. उद्या परत तेच.

संध्याकाळी गंगूबाई घरी निघाल्या की तरुण भीमसेन कंदील घेऊन त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला येत, आणि वाटेत विचारत, अक्का, आज गुरुजींनी काय सांगितलं? ती सांगे, ते मनात घोळवत हा परत जाई. मी त्याच वाटेने चालत स्टेशनावर आले. रस्ता आता डांबरी आहे, दुकानं झाली आहेत. दिवे लागत होते. पूरियाची वेळ.

बाईंनी मला शेवटचा राग शिकवला तो पूरिया. मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या, सप्तकात खेळणारा, तारषड्जाला हात लावून लगेच खाली येणारा राग. ऑपरेशननंतर मी तो एकदाही गायले नव्हते. फलाटावर माणसं मोजकी. मी बाकावर बसून मंद्र निषाद लावून पाहिला, अगदी हलका. लागला. त्याखालचा मंद्र धैवत लावला. भरीव, मला अनोळखी वाटावा असा. एक म्हातारा बकरी घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विडी शिलगावली.

मी मिरजेला फोन लावला.

"चाचा, तो तंबोरा. काळी चार नको."

"मग?"

मला अंदाज घ्यायला थोडा वेळ लागला. "पांढरी चार." आधीपेक्षा खालची पट्टी.

पलीकडे कानस चालल्याचा आवाज थांबला. "तारा बदलाव्या लागतील ताई. जवारी परत बघावी लागंल."

"चालेल."

"बरं झालं आज सांगितलंसा. उद्या घोडी चिकटली असती."

पाचवा दिवस : परत मिरज

सकाळची गाडी, तेच उलटे रूळ. सुळेभावीला या वेळी गाडी थांबलीच नाही. बेळगावला चहा घेतला.

तिसऱ्या प्रहरानंतर कारखान्यात पोचले. तंबोरा भिंतीशी उभा होता. खुंट्या नव्याने बसवलेल्या, तबली पुसून लख्ख, पण पॉलिश जुनंच ठेवलं होतं. भोपळ्याच्या पाठीवर बाईंच्या मांडीने पडलेला फिकट डाग तसाच होता. "त्यो काढू का म्हणून इचारायचं होतं," चाचा म्हणाले. मी नको म्हटलं.

त्यांनी तंबोरा माझ्यापुढे ठेवला आणि दोऱ्याची चारी टोकं माझ्या हाताशी मोकळी सोडली. "आमी लावलाय, पण कान तुमचा." जोडाच्या तारा मिळवल्या. मणी सरकवले. खर्जाची पितळी तार छेडली आणि दोरा केसभर पुढे घेतला, आणखी केसभर. मग तो आला. खर्जाच्या पोटातून गंधार, कुणी न लावलेला, आपला आपण. पॉलिशवाल्या मुलाने हात थांबवून बघितलं.

बाहेर उन्हं उतरली होती. दर्ग्याच्या बाजूने अजान ऐकू आली, ती संपेपर्यंत मी हात तारांवरून काढून ठेवला. मग पहिल्या तारेची खुंटी धरली. पूरियात पंचम नाही, पहिली तार निषादावर घ्यावी लागते.

"हळू ताई," चाचा म्हणाले, "नवी तार हाय. एकदम ओढू नका. दोन दिस ती उतरत ऱ्हाणार, परत परत लावत बसावं लागंल."

मी खुंटी थोडी पिळली, थांबले, ऐकलं, आणि पुन्हा थोडी पिळली.